गळ टाकणाऱ्यांनी राखलेली नदी



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, पाचट, ठिबक हे विषय नेहमी येतात. या अंकात आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे, तो म्हणजे नदीतला मासा आणि त्याला राखणारी माणसे. उसाच्या शेतकऱ्याला माशाचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या नदीच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, त्याच पाण्यात मासा जगतो. पाणी बिघडले तर उसाला ते कळायला एक-दोन हंगाम जातात. माशाला ते त्याच रात्री कळते. म्हणून नदीची प्रकृती ज्याला जाणून घ्यायची आहे, त्याने माशाची चौकशी करावी.

ही चौकशी वर्षानुवर्षे चिकाटीने करणारी एक जमात आहे, आणि ती म्हणजे हौसेने गळ टाकणारे लोक. त्यांची मंडळे असतात, वर्गणी असते, नियम असतात. ऐकून नवल वाटेल, पण यातली बरीच मंडळे मासा धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. मग धरायचा तरी कशाला, असे आपल्याला वाटणारच. त्याचे उत्तर दक्षिणेतल्या कावेरी नदीवर जे घडले त्यात सापडते. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेही आहे. शिवाय या गोष्टीचा एक धागा आपल्या लोणावळ्याला येऊन मिळतो.

कावेरीचा कुबडा मासा

कर्नाटकात शिवनसमुद्रचा धबधबा ओलांडला की कावेरी डोंगरांतून, जंगलातून, खडकांतून वाहत खाली तामिळनाडूतल्या मेट्टूर धरणाकडे जाते. या पट्ट्यात खोल डोह आहेत आणि त्यांच्या मधून जोराची धार आहे. महसीर माशाला असेच पाणी लागते. महसीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, ताकदवान, धारेच्या विरुद्ध पोहणारा मासा. कावेरीतल्या महसीराच्या पाठीवर, डोक्यामागे, उंचवटा असतो. म्हणून त्याला कुबडा महसीर म्हणतात. हा फक्त कावेरी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतच होतो, जगात दुसरीकडे कुठे नाही.

वाढतो तरी किती? 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका गृहस्थांनी काबिनी नदीत गळाने धरलेला मासा 120 पौंडांचा होता. म्हणजे 54 किलोंच्या वर. साखरेचे 50 किलोचे पोते डोळ्यांसमोर आणा, त्याहून जड. गळाने धरलेल्या महसीराचा हा विक्रम म्हणून सांगितला जातो.

असा मासा एका वर्षात होत नाही. महसीर सावकाश वाढतो. पावसाळ्यात नदी फुगली की तो वरच्या अंगाला चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. वाट अडली, गोटे गाळाने भरले किंवा विणीच्या दिवसांत कोणी डोहात सुरुंग उडवला, तर एक अख्खी पिढी जाते. 1970 च्या सुमारास कावेरीत तसेच होत चालले होते. वर कृष्णराजसागर, खाली मेट्टूर, मध्ये सुरुंग आणि विष. हा मोठा मासा आता संपला असे पुष्कळांनी धरून चालवले होते. 1977-78 साली इंग्लंडहून आलेल्या तिघा गळकऱ्यांनी याच नदीत मोठमोठे महसीर धरून दाखवले, तेव्हा मासा अजून शिल्लक आहे हे जगाला कळले.

राखण कशी बसली

1972 साली बंगळूरला वन्यजीवप्रेमी आणि गळकऱ्यांची एक संस्था निघाली. तिचे नाव वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया. या संस्थेने कावेरीच्या काही भागात मासेमारीचे हक्क घेतले आणि तिथे राखण बसवली. पुढे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस या कंपनीने भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे या ठिकाणी गळकऱ्यांसाठी शिबिरे चालवली. देशा-परदेशातून लोक येत, परवान्याचे पैसे भरत, चार-आठ दिवस राहत.

आता या पैशाची वाट बघा, कारण खरी गोम इथेच आहे. शिबिराला वाटाडे लागत, होडीवाले लागत, पहारेकरी लागत. ही माणसे आसपासच्या गावांतूनच घेतली गेली. त्यांत पूर्वी चोरून मासे मारणारेही होते. कुठल्या डोहात मासा बसतो, कुठल्या वेळेला तो हलतो, सुरुंगवाला कुठल्या पायवाटेने येतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? जिवंत मासा पुन्हा पुन्हा रोजगार देतो, मेलेला एकदाच पैसे देतो, एवढा हिशेब एकदा पटला की तोच माणूस नदीचा राखणदार होतो. नुसत्या पाटीने आणि दंडाने हे साधले नसते.

धरून सोडण्याची रीत

गळाला आमिष म्हणून नाचणीच्या पिठाचा शिजवून मळलेला गोळा लावत. वेताच्या टोपलीसारख्या गोल होडीतून धारेत जात. मासा लागला की कधी कधी तासभर झुंज चाले. मासा थकला की काठाशी आणून, होता होईल तो पाण्यातच ठेवून, गळ काढत. वजन, जमल्यास एक फोटो, आणि परत पाण्यात.

सोडण्यातही रीत आहे. मासा नुसता फेकून द्यायचा नाही. कोरड्या हाताने त्याला धरायचे नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोग लागतो. थकलेल्या माशाचे तोंड धारेकडे करून त्याला दोन्ही हातांनी आधार द्यायचा, म्हणजे पाणी कल्ल्यांतून वाहते आणि त्याला दम मिळतो. मासा आपण होऊन शेपटीचा झटका देऊन निघाला, की समजायचे तो सावरला. लहान मुलाला ताप उतरेपर्यंत धरून बसावे तसेच हे काम आहे.

वहीत काय लिहिले जाई

या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती शिबिराची वही. दररोज कोणी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचे वजन किती, रंग-रूप काय, हे लिहून ठेवायची पद्धत होती. लिहिणाऱ्यांच्या मनात काही शास्त्र नव्हते. आपण वजनकाट्याची पावती जपून ठेवतो तसेच ते होते.

पुढे शास्त्रज्ञांनी गालिबोरे शिबिराच्या 1998 ते 2012 या 15 वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. त्या काळात एकूण 23,620 तास गळ टाकला गेला होता आणि 6,161 महसीर धरून सोडले गेले होते. सर्वांत लहान अर्धा किलोच्या आतबाहेर, सर्वांत मोठा 46 किलोंच्या वर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नुसते किती मासे धरले यावरून काही कळत नाही. यंदा दुप्पट लोक आले तर मासेही जास्त लागणारच. म्हणून तासाला किती मासे, हे पाहावे लागते. आपणही एकूण टनावर जात नाही, एकरी उतारा विचारतो. हे तसेच आहे. वरच्या आकड्यांवरून सरासरी काढली तर साधारण चार तासांच्या बैठकीला एक मासा पडतो.

वर्षावार हिशेब मांडल्यावर दिसले ते असे. तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती आणि माशांचे सरासरी वजन कमी होत गेले होते. म्हणजे नदीत लहान मासा भरपूर येत होता, वीण चांगली होत होती. राखणीचा गुण आला असे वाटण्यासारखेच हे चित्र होते.

पण वहीत वजनाबरोबर रंग-रूपही लिहिलेले होते. तिथे गोष्ट उलटली.

लोणावळ्याचे बीज

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात महसीराची वेगळी जात आहे. तिचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. 1839 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिचे वर्णन लिहिले, आणि ‘खुद्री’ हे आपल्या लोकांच्या तोंडचे नावच त्याने शास्त्रात नेले. या माशाचे पर निळसर दिसतात, म्हणून त्याला निळ्या पराचा महसीर म्हणतात.

हाही मासा धरणांमुळे आणि बेबंद मासेमारीमुळे कमी होत चालला होता. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवण तलावाशी मत्स्यबीज केंद्र सुरू केले. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि श्री. ओगले यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांनी तिथे महसीराची अंडी हाताने काढून, फळवून, पिल्ले वाढवण्याची रीत बसवली. 1970 च्या दशकातले हे काम आहे. महसीराचे बीज माणसाच्या हाताने तयार होऊ शकते हे तिथे सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम होते आणि आहे.

मग ही बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, देशात ठिकठिकाणी पाठवली गेली. कर्नाटकातही गेली आणि कावेरीच्या पाण्यात सोडली गेली. सोडणाऱ्यांत सरकारी मत्स्यखाते होते, मासेप्रेमी संस्थाही होत्या. हेतू शंभर टक्के चांगला होता. महसीर कमी झाला आहे, महसीराचे बीज मिळते आहे, तर सोडू या. महसीर तो महसीर, असेच सर्वांना वाटले. त्या काळी कावेरीचा कुबडा मासा ही वेगळीच जात आहे, हे शास्त्रानेही नक्की केलेले नव्हते.

वहीने काय दाखवले

वहीतली रंग-रूपाची नोंद वेगळी काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. वाढलेली संख्या होती ती निळ्या पराच्या, म्हणजे लोणावळ्याहून गेलेल्या जातीच्या माशांची. कावेरीचा स्वतःचा कुबडा मासा मात्र वर्षागणिक कमी होत गेला होता. जो काही लागे तो बहुधा जुना, मोठा. त्याची लहान पिल्ले दिसेनाशी झाली होती. ज्या शिवारात म्हातारी झाडे उभी आहेत आणि रोप एकही उगवत नाही, त्या शिवाराचे पुढे काय होणार ते सांगायला नको.

हे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर 2018 साली शास्त्रज्ञांनी या कुबड्या माशाची ओळख नक्की केली. केरळातल्या पांबार नदीतून 2007 साली वर्णन केलेली टॉर रेमादेवी ही जात आणि हा कुबडा मासा एकच, असे ठरले. पांबार ही कावेरीच्याच खोऱ्यातली नदी. त्याच वर्षी या जातीची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत झाली. म्हणजे नाव नक्की झाले तेव्हा मासा जवळजवळ संपत आलेला.

सगळा दोष निळ्या पराच्या माशावर ढकलणे बरोबर होणार नाही. धरणांनी वाट अडवली, वाळू उपसली गेली, सुरुंग आणि विष थांबले नाही, पाणी सोडण्याचे वेळापत्रक विजेच्या सोयीने चालले. पण आधीच अडचणीत असलेल्या घरच्या माशाच्या ताटात बाहेरचा जोमदार पाहुणा आणून बसवला गेला, हेही तितकेच खरे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. बेणे कुठल्या मळ्यातले, कुठल्या जातीचे, निरोगी आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय आपण लागण करत नाही. उसाची चुकलेली लागण दोन-तीन वर्षांत मोडून टाकता येते. नदीत सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही.

आणि दुसरी बाजूही ध्यानात घ्या. हे सगळे कळले कशावरून? गळकऱ्यांच्या वहीवरून. वही नसती तर “मासे वाढले हो, राखण चांगली आहे” एवढेच सगळे म्हणत राहिले असते, आणि कुबडा मासा कोणाच्या लक्षात न येता निघून गेला असता. ज्यांच्या हौसेतून बाहेरचे बीज नदीत आले, त्यांच्याच शिस्तीने लिहिलेल्या वहीने त्याचा परिणाम उघड केला. आम्हाला यात त्या मंडळींचा कमीपणा दिसत नाही. स्वतःच्या कामाचा असा खरा हिशेब ठेवणारे थोडेच असतात.

गळ थांबला तेव्हा

हा नदीचा भाग कावेरी अभयारण्यात येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन तिथली गळाची मासेमारी बंद करण्यात आली, आणि 2012 साली गालिबोरेची वहीही थांबली. यावर दोन मते आहेत. अभयारण्यात प्राण्याला गळ लावणे, मग तो सोडून का दिलेला असेना, योग्य नाही असे एक मत. दुसरे मत या विषयाच्या काही अभ्यासकांचे. ते म्हणतात, गळकरी गेले तेव्हा त्यांच्या पैशावर चालणारा पहाराही गेला आणि सुरुंगवाल्यांना रान मोकळे झाले. कायद्याचा अर्थ लावणे हे आमचे काम नाही. पण नदीकाठी रोज नजर ठेवणारे कोणीतरी असावे लागते, एवढे दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

आपल्याकडे काय करता येईल

आपल्याकडे राखणीची रीत नवी नाही. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहात लोकांनी मासे जपले ते श्रद्धेपोटी. नेम वेगळा, पण काम गळमंडळासारखेच. एक डोह ठरवून राखायचा. असा एखादा डोह आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक नदीकाठच्या गावाला ठरवता येण्यासारखा आहे. त्यासाठी गळच टाकला पाहिजे असे नाही.

कावेरीवरून आपल्यापुरते घेण्यासारखे जे आहे ते असे:

1. नदीत आणि ओढ्यात बाहेरचा मासा सोडू नका. आता पुष्कळांच्या शेतात शेततळी आहेत आणि त्यांत मासे पाळले जातात. पाळावेत, जोडधंदा चांगला आहे. पण तळे उपसताना उरलेला मासा ओढ्यात सोडू नये, आणि पुराचे पाणी तळ्यात शिरणार नाही असा बांध असावा. परदेशी मांगूर तर पाळूच नये, त्यावर देशात 2000 सालापासून बंदी आहे. तो दुसऱ्या माशांना खातो. उजनीच्या पाण्यात तिलापिया किती माजला आहे ते तिथले भोई बांधव सांगतील.

2. वही ठेवा. गावातले भोई, कोळी, गळ टाकणारी पोरे यांना कोणता मासा कुठे लागतो ते पाठ असते. पण ते तोंडी राहते आणि माणसाबरोबर जाते. शाळेतल्या एखाद्या गुरुजींनी किंवा तरुण मंडळाने महिन्यातून एकदा विचारून लिहून ठेवावे. तारीख, जागा, किती जण, किती तास, कोणता मासा, केवढा. दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कळेल.

3. सुरुंग, विष, ब्लिचिंग पावडर यांना गावबंदी करा. यात मोठा मासा हाती लागतो तो थोडा, आणि पिल्ले, अंडी, किडे-कीटक मरतात ते अगणित. त्याच डोहाचे पाणी पुढे कोणाच्या तरी पिण्यात येते.

4. पाण्यातला प्राणवायू जपा. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. 20 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात आधीच तोटा. अशा वेळी मळीचे, सांडपाण्याचे किंवा गावच्या गटारीचे पाणी नदीत गेले की त्यातला सेंद्रिय माल कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. मग पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात. हे आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करूनच वापरात आणायचे, ही जबाबदारी आपली सामुदायिक आहे, कारण कारखाना आपला आहे. सभासदाने वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर सांडपाण्याचाही आकडा विचारावा. तो त्याचा हक्क आहे.

5. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नका. हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, म्हणून पुन्हा सांगतो.

निळ्या पराचा महसीर हा आपल्या खोऱ्यातला आहे. कावेरीत तो पाहुणा होता, इथे तो घरचा आहे. परक्या नदीत त्याने घरच्याला जड केले, आणि आपल्या नदीत मात्र आपण त्याला धारा, गोटे आणि स्वच्छ पाणी किती ठेवले आहे, हा विचार प्रत्येकाने आपल्या गावच्या काठावर उभे राहून करावा. ज्या गावांत जुनी मंडळी अजून महसीर ओळखतात, तिथे त्यांनी तो शेवटचा कधी आणि कुठे पाहिला, हे विचारून आम्हाला जरूर कळवावे. डोहाचे नाव, साल आणि माशाचा अंदाजे आकार, एवढे पोस्टकार्डावर लिहिले तरी पुरे. आलेली माहिती पुढील अंकात गाववार छापू. आपल्या वहीचे ते पहिले पान होईल.